विहिरीकडच्या पोफळी

श्रीवर्धनचं आमचं घर बाबांनी आणि काकांनी 1993 मध्ये विकलं. आजोबा गेल्यावर वाडी शिंपायला घरचं कुणी उरलं नव्हतं. बाबा पुण्यात नोकरीला, काका ठाण्याला, आत्या लग्न होऊन साताऱ्याला. पोफळीला उन्हाळ्यात पाणी चुकवून चालत नाही, आणि पत्र लिहून वाडी शिंपता येत नाही. व्यवहार शहाणपणाचा होता. तरी त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक लग्नकार्यात, पंगती उठल्या की कुणीतरी म्हणायचंच, "घर ठेवायला हवं होतं."

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. टाळेबंदीमुळे आम्ही घरात अडकलेलो, आणि मोबाइलवर श्रीवर्धन, दिवेआगरच्या आडव्या झालेल्या वाड्यांचे फोटो येत होते. आपली कुठली, ते ओळखूही येईना. आत्यानं तेव्हापासून धोशा लावला होता, एकदा डोळ्यांनी बघून यायचं. 2024 च्या डिसेंबरात तो योग आला. गाडी मी चालवणार होते, बाबा शेजारी, आत्या मागे.

पौड, मुळशी, ताम्हिणी करत माणगावला उतरलो. मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून मोर्बा, साई, म्हसळा. आत्याचा जन्म जंजिरा संस्थानातला. श्रीवर्धन तेव्हा नवाबाच्या मुलखात होतं. लहानपणी मुंबईला जायचं ते बोटीनं, हे ती सांगत होती. म्हसळा मागे पडलं तशी हवा दमट झाली आणि दोघंही बोलायचे थांबले. गावात शिरल्यावर मला वाट विचारावी लागली नाही. बाबा नुसतं "डावीकडे", "आता सरळ" म्हणत गेले आणि जांभ्याच्या गडग्यांमधल्या अरुंद आळीतून त्यांनी गाडी नेमकी फाटकाशी आणली.

घर ज्यांनी घेतलं, त्यांचे वडील आजोबांच्या वाडीत कामाला होते. ते स्वतः आता साठीला आलेत. बाबांना "भाऊ" आणि आत्याला "ताई" म्हणतात. ओटीवर पाणी आलं, गूळ आला. ओटी तीच, माजघरही तेच. वादळानं कौलं उडवली, म्हणून वर आता पत्रा आहे. बाबा झोपाळ्याच्या कड्या होत्या तिथं तुळईला हात लावून उभे राहिले. आत्या मात्र घरात रेंगाळली नाही. ती सरळ मागीलदारी गेली आणि वाडीत उतरली.

मला आठवते ती वाडी भर दुपारीही अंधारी असायची. वर झावळ्यांचं छत, पोफळींवर चढलेले मिरवेल, मधूनच जायफळ, पायाखाली ओला पाट. आता डोक्यावर सगळं आभाळ मोकळं होतं. पोफळीचं झाड उंच आणि सडपातळ. सोटमूळ नाही, तंतुमुळं वरच्या थरातच पसरलेली. अशी झाडं एकमेकांच्या आडोशानं उभी असतात. बाहेरची रांग गेली की आतल्यांवर वारा थेट येतो. इथं काही मुळासकट उपटली गेली होती, बरीचशी मध्येच मोडली होती. "घरापासून विहिरीपर्यंत जायला आधी कोयत्यानं वाट काढली," ते सांगत होते. वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. पंप बंद, म्हणून पाणी हातानं शेंदलं. पडलेली खोडं ओढून काढण्यातच तो पावसाळा गेला. इथल्या वाड्या गुंठ्यांच्या. हेक्टरी मदतीचा हिशेब गुंठ्यांत बसेना, तेव्हा मदत झाडामागे ठरली, पोफळीला 50 रुपये आणि नारळाला 250.

वादळातून वाचलेल्या झाडांचं पुढं काय झालं, हे मला तिथं कळलं. सावलीत वाढलेल्या खोडावर दुपारनंतरचं ऊन थेट पडलं की साल भाजते, चिरते आणि पुढच्या एखाद्या वाऱ्यात झाड त्याच जागी मोडतं. म्हणून त्यांनी उरलेल्या प्रत्येक पोफळीच्या खोडाला पश्चिमेच्या बाजूनं झावळ्या बांधल्या. रोपांना सावली हवी म्हणून आधी केळी लावल्या आणि मग 2022 च्या पावसाळ्यात केळींच्या आडोशाला पोफळी. त्या आता खांद्याला लागतात. पीक यायला लावणीपासून सहा-सात वर्षं तरी जातात. म्हणजे पहिली पोय दिसेपर्यंत ही सगळी नुसती पाणी, खत आणि मजुरी.

आत्यानं एका रोपाचं पान उलटून पाहिलं आणि विचारलं, "बियाणं कुठलं?"

"इथलंच, ताई. विहिरीकडची थोडी उभी राहिली होती. त्यांचंच धरलं."

आत्याचा चेहरा उजळला. आजोबाही बियाणं विहिरीकडच्याच झाडांचं धरायचे. फळ मोठं, फोडलं की आत पांढरं जास्त, श्रीवर्धनी रोठ्याची सगळी लक्षणं. पूर्ण पिकलेली फळं निवडायची, देठाची बाजू वर ठेवून रोपवाफ्यात लावायची, रोप दीड वर्षाचं झाल्याशिवाय हलवायचं नाही. एक वाक्य तिनं सुरू करावं आणि त्यांनी पुरं करावं, असं चाललं होतं. त्यांना ते त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं आणि वडिलांना आमच्या आजोबांनी. किंवा उलटही असेल. हातानं वाडी राखली ती त्यांच्या वडिलांनीच.

आमच्या बोलण्यात 'आपलं घर' म्हणजे ओटी, माजघर, झोपाळा. वाडी मागे कुठेतरी असायची. तिथं उभी असताना मला उलटं दिसलं. घर वाडीमुळे होतं. आजोबांची खरी मिळकत ती झाडं, आणि ती पुढच्या पिढीकडे गेली ती आम्हाला वगळून. घर आमच्याकडे असतं, तर वादळानंतर आम्ही पुण्याहून येऊन पंचनामा करून घेतला असता, कुंपण घातलं असतं आणि जमीन विकली असती. सहा-सात वर्षांनी येणाऱ्या पिकासाठी आम्ही पाणी शेंदलं नसतं. माझ्या लेखी वाडी पाणी घालणाऱ्याची. सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे, हे योग्यच झालं.

याच गावचे बाळाजी विश्वनाथ भट घाटावर गेले आणि 1713 मध्ये पेशवे झाले. गावात त्यांचा पुतळा आहे. बाहेर पडून नाव काढणाऱ्यांचा गावाला अभिमान असतो आणि तो असावाच. पण 2020 नंतर श्रीवर्धन पुन्हा हिरवं होतंय ते मागे राहिलेल्यांच्या कष्टांवर. त्यांचा पुतळा कुणी उभारणार नाही. निदान त्यांच्या घरी जाऊन त्यांचं काम पाहायला हवं.

परतताना बाबा म्हणाले, "बरं झालं, त्यालाच दिलं." घर विकल्याबद्दल एवढं मोकळेपणानं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. येत्या मोसमात सुपारी पाडायच्या दिवसांत मुलांना घेऊन जायचं ठरवलंय. पणजोबांचं घर दाखवू तर खरंच. पण त्याआधी त्यांना वाडीत न्यायचं आणि खोडाला झावळी कशी बांधतात, ते शिकायला सांगायचं.