शेजारच्या गोष्टी

आज संध्याकाळी ओट्यावर पोरं जमली. चौथीतली एक मुलगी धडा घडाघडा वाचते, पण ‘काय झालं त्यात?’ विचारलं की गप्प होते. अक्षरं ओळखणं म्हणजे वाचणं नव्हे, हे मला रोज दिसतं.

मग पुस्तक मिटलं. म्हटलं, शेजाऱ्यानं मदत केल्याची गोष्ट सांगा. एकाच्या आईला ताप होता तेव्हा शेजारच्या काकूंनी भाकरी करून दिल्या होत्या. त्या मुलीच्या घरच्या कुरोड्या पाऊस येताना साऱ्या गल्लीनं उचलल्या होत्या. मी ते त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलं. त्यांच्या बोलीतल्या ‘वावर’चं पुस्तकी ‘शेत’ केलं नाही. तीच मुलगी बोट ठेवून सावकाश वाचत गेली आणि वाचून झाल्यावर आपणहून बोलू लागली.

शेवटी गाडगेबाबांची गोष्ट वाचली. १८७६ साली आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले बाबा गावात शिरले, हातात खराटा... मी वाचताना तिथंच थांबले. ‘पुढं काय केलं असेल?’ एकदम चार हात वर! मोठ्या मुलांना २०१६ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेतलं वरुड तालुक्यातलं श्रमदान सांगितलं. गावाचं पाणी अडवायला माणसं एकत्र राबली होती.

वाचताना दुसऱ्याच्या मनात शिरावं लागतं. शेजारधर्मालाही तेच लागतं. उद्या प्रत्येकानं घरून एक गोष्ट आणायची आहे. ती फळ्यावरून वहीत उतरली की आमचं पहिलं पुस्तक होईल.