पाचगणीच्या कड्यावरील पाडव्याचे पान

वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढू लागले की दर वळणावर कृष्णेचे खोरे थोडे थोडे उलगडत जाते. पाचगणीच्या कड्यावर येऊन पोहोचावे, तो पायाशी धोम धरणाचा विस्तीर्ण जलाशय आणि त्यापलीकडे कमळगड उभा. ज्याच्या माथ्यावर गेरूच्या लाल भिंतींची खोल विहीर आहे, तोच हा दुर्ग. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर चैत्राचे ऊनही सौम्य वाटते. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्च रोजी, रविवारी आला. त्या दिवशी याच कड्यावरील एका उपाहारगृहात आम्ही सहकुटुंब जेवलो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याची भावंडे प्रत्येक थंड हवेच्या ठिकाणी आहेत.

केवळ हौस म्हणून आम्ही गेलो नव्हतो. आमच्या घरात लहानमोठी अकरा माणसे. काकूंनी पन्नासएक पाडवे आधी चुलीपुढे व नंतर गॅसपुढे काढले. तव्यावरून उतरलेली पोळी नेहमी दुसऱ्याच्या पानात जायची; त्यांच्या वाट्याला यायची ती तिसऱ्या प्रहरी, गार झालेली. एक तरी सण असा व्हावा की, काकू व वहिनी बसल्या आहेत आणि गरम पोळी त्यांच्या पानात पडत आहे, एवढीच मनीषा होती. माणशी सातशे रुपये त्यासाठी आम्हांस जड वाटले नाहीत.

दाराशी गुढी होती. तिला साखरेची गाठी होती, पण कडुनिंबाचा डहाळा नव्हता. कोवळा पाला, ओवा, हिंग, मिरे, मीठ, चिंच आणि गूळ वाटून केलेली ती कडवट गोळी जिभेवर ठेवल्यावाचून आमच्याकडे वर्ष सुरू होत नाही. येथे तिच्याऐवजी रंगीत सरबताचा पेला हाती आला. मुले खूश झाली, हेही सांगितले पाहिजे.

आत लांबलचक मेजावर पदार्थांची भांडी मांडलेली. ताट घेऊन रांगेत उभे राहावयाचे आणि आपले आपण वाढून घ्यावयाचे. पानाच्या वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मध्ये वरणभाताची मूद व तीवर तुपाची धार, ही रचना काही निष्कारण झालेली नाही. कोणता पदार्थ किती खावा, हे ती न बोलता सांगते. या ताटात श्रीखंड कोशिंबिरीत वाहत गेले. खिडकीतून मात्र खोरे असे काही दिसत होते की, क्षणभर ताटाचा विसर पडावा.

पण पोळीने तो पडू दिला नाही. पुरणपोळीचे आयुष्य थोडे. रचून झाकून ठेवली की ती आपल्याच वाफेने ओलावते आणि मायक्रोवेव्हमध्ये पुन्हा तापविली की चिवट होते. आमच्या पोळीने ही दोन्ही स्थित्यंतरे पाहिलेली होती. काकूंनी वाढणाऱ्या मुलाला विचारले, “बाळ, कटाची आमटी कुठे आहे रे?” त्याने मोठ्या अदबीने रस्समचे भांडे दाखविले. काकू आमच्याकडे वळून हलकेच म्हणाल्या, “कट नाही, म्हणजे पुरण इथे शिजलेलंच नाही.” हरभऱ्याची डाळ शिजवून उपसली की खाली कट उरतोच, तेव्हा या तर्कास उत्तर नव्हते.

श्रीखंड गुलाबी होते, स्ट्रॉबेरीचे म्हणून सांगितलेले. आता महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळालेला, हंगाम अजून संपलेला नाही, वाटेवर शेतकरी ताजी फळे घेऊन बसलेले. आणि त्या श्रीखंडात फळाचा कण नाही, नुसता अर्क! चक्का रात्रभर टांगून पाणी निथळू दिलेले नसावे. वाटीच्या कडेने ते सुटले होते. देखाव्यासाठी मनुष्य येतोच, मग स्वयंपाकाची दगदग कशाला, असा मालकाचा हिशेब असावा. तो व्यापाराच्या दृष्टीने चुकीचाही नसेल. बाहेर जागेसाठी माणसे ताटकळत उभी होती.

वाढणाऱ्या मुलावर राग धरणे मात्र अन्यायाचे झाले असते. तो ओडिशाहून आलेला, जेमतेम विशीचा. काकूंनी त्याला विचारले, “तू जेवलास का?” तो म्हणाला, “गिऱ्हाईक संपलं की, चार वाजता.” यावर काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

परतताना वाईच्या घाटावर वहिनी म्हणाल्या, “पोळी कशीही असो, आज कंबर दुखत नाही.” हे वाक्य आम्ही जपून ठेवले आहे. बाहेरचे जेवण फसले म्हणून बायकांनी पुन्हा ओट्याशी उभे राहावे, असा निष्कर्ष काढण्यास आमचे धाकटे बंधू तयार नव्हते. ३० एप्रिलला अक्षय्य तृतीया आली, तेव्हा लाटणे त्यांनी घेतले व तवा आम्ही. पहिल्या दोन पोळ्या फुटल्या. तिसरी धड उतरली, ती तशीच वाफाळती, वर तुपाची धार धरून, काकूंच्या पानात गेली. वेलदोडा कमी पडला आहे, असे त्या म्हणाल्या आणि आणखी अर्धी मागून घेतली.