काचेचे कुलगोत्र

आमच्या मध्यमवर्गात जुने काचसामान एकाच देशाचे असते, आणि तो देश म्हणजे बेल्जियम. आरसा बेल्जियमचा, हंडी बेल्जियमची, झुंबरही बेल्जियमचेच! ही कीर्ती अगदीच निराधार नव्हे. लिएजनजीकचा व्हाल सँ लाँबेर हा कारखाना 1826 साली निघाला, व त्याचे काचकाम नावाजले गेले. परंतु बोहेमियाची रंगीत काच आणि बर्मिंगहॅमच्या ऑस्लर मंडळींची झुंबरेही हिंदुस्थानात आलीच होती. बहुतेक वस्तूंवर कर्त्याचे नाव नसते. कागदी चिठ्ठी असली तर ती पहिल्या धुण्यातच जाते.

म्हणून रूपावर भुलण्यापेक्षा वस्तू उलटी करून तळ पाहावा हे बरे. फुंकून घडविलेल्या भांड्याच्या तळाशी लोखंडी दांडी तोडल्याचा व्रण, किंवा तो घासून काढल्याची गुळगुळीत खळी, पुष्कळदा आढळते. साच्यातल्या भांड्याच्या अंगावर बहुधा सांध्याची रेघ असते. टेकण्याच्या कडेवरचे ओरखडे वेडेवाकडे असले तर ते वापराचे. सगळेच एका दिशेचे असले तर कोणा व्यापाऱ्याने हौसेने कानस फिरविली असा संशय घ्यावा.

आमच्या परिचयाचे दोन वयस्क बंधू वाटणीच्या वेळी एका हिरव्या फुलदाणीपाशी अडले. "सर, पणजोबांनी खास बेल्जियमहून मागविलेली आहे ही," थोरले म्हणाले. पणजोबा 1912 साली निवर्तले होते. आम्ही तळ भिंगाखाली धरला. आम्लाने उठविलेला लहानसा गोल शिक्का दिसला: 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया'. ते राष्ट्र जन्मले 1918च्या ऑक्टोबरात! शिक्के मागाहून उठविलेलेही निघतात, हे खरे. पण लबाडी करणारा एखाद्या नामांकित कारखान्याचे नाव घालील, नुसत्या देशाचे कशाला?

थोरल्यांचा चेहरा उतरला. पणजोबांच्या मागे पणजीबाईंनी लोकांचे शिवण शिवून चाळीस वर्षे संसार ओढला होता; पण त्या घरात पितळेचा एक तांब्यादेखील त्यांच्या नावाने सांगितला जात नसे.

"म्हणजे ही पणजीने घेतली!" धाकटे म्हणाले.

तेवढे काच सांगत नाही, असे आम्ही बजावले. 1918 नंतर कोणीतरी घेतली, इतकेच. त्यांनी ते ऐकलेसे दिसले नाही. "शिवणाच्या पैशांतून," ते पुन्हा म्हणाले, आणि किमतीचा विषय त्या दिवशी कोणीच काढला नाही.