मुरुडला जाल, तर घावण खा

शनिवार-रविवारची सुट्टी जोडून आली की आम्ही सहकुटुंब मुरुडला जातो. जंजिरा पाहायला राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचे आणि भर उन्हात फिरायचे, तर सकाळी पोटात काहीतरी भरीव हवे. ते हलालही हवे आणि बायका-मुलांना निवांत बसून खाता यायला हवे.

आमची रीत सोपी आहे. मुक्कामाला पोहोचलो की इशाच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या एखाद्या बुजुर्गांना सलाम करून विचारतो, "चाचा, सकाळी घावण कुठे मिळतील?" मग पाटी नसलेल्या एखाद्या घराचा पत्ता मिळतो. रात्रीच माणसे किती ते कळवायचे आणि फजरनंतर जायचे.

घावणाचे पीठ आंबवावे लागत नाही. भिजवलेले तांदूळ वाटून ताकासारखे पातळ करायचे, मीठ घालून तापल्या बिडाच्या तव्यावर ओतायचे. छान जाळी पडते. मुलांना गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर आवडतात, मोठ्यांना मटणाच्या रश्श्याबरोबर.

एक विनंती मात्र आहे. इथे भाव करू नका आणि खाल तेवढेच मागवा, इसराफ नको. कोकणातल्या कित्येक घरांतले कर्ते पुरुष आखातात राबतात. मागे राहिलेल्या एखाद्या भगिनीला घरबसल्या, इज्जतीने चार पैसे मिळतात, ते या तव्यावरच. आपला नाश्ता तर कुठेही होईल.