बॉयलरमधली चुनखडी

धाराशिवच्या आसपास नांगरट झाली की काळ्या रानात पांढरे खडे वर येतात. चुनखडी. खाली बेसॉल्ट आहे. तो झिजतो, त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरतं, पाणी उन्हानं आटतं आणि मातीत चुन्याची गाठ धरते. हे खडे भट्टीत भाजून जुने लोक बांधकामाचा चुना करायचे. आमच्या स्वयंपाकघरात मी एका एस्प्रेसो मशीनचा बॉयलर उघडला, तर आतल्या भिंतीला तीच चुनखडी चिकटलेली निघाली. रानात तिला जमायला पिढ्या जातात, बॉयलरमध्ये काही महिने पुरतात.

मशीन मावसभावाचं. कॉफीची हौस म्हणून त्यानं हे इटालियन यंत्र घेतलं आणि घरच्या बोअरच्या पाण्यावर चालवलं. आधी वाफ मंदावली, मग पंपाचा आवाज चढला, शेवटी कपात थेंब पडेना. मी पुण्यात असताना असंच मशीन वापरत होते. नोकरी घरून करायची सोय झाली तशी मी धाराशिवला परत आले आणि त्याच्या बंद मशीनची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. पुण्यात खडकवासल्याचं हलकं पाणी होतं. तिथं मशीनची निगा म्हणजे पुसणं-धुणं, फार तर वर्षातून एकदा आतली सफाई. इथं सगळा हिशेब निराळा.

या मशीनचं काम समजून घेतलं की क्षार कुठं घात करतात ते कळतं. टाकीतलं पाणी छोटा पंप ओढतो आणि बॉयलरमध्ये ढकलतो. तिथं ते 90 ते 96 अंशांपर्यंत तापतं आणि साधारण 9 बार दाबानं बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या कॉफीतून जातं. 25 ते 30 सेकंदांत कपभर नव्हे, दोन घोट दाट कॉफी उतरते. आता या वाटेत कुठं कुठं पाणी तापतं आणि कुठं कुठं ते अरुंद भोकातून जातं, तेवढ्या जागा बघायच्या. क्षार तिथंच बसतात आणि तिथंच अडतात.

बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम बहुतेक बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. पाणी गार असेतो ते दिसत नाही. तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडी मागं राहते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुनखडीचं उलट आहे, पाणी जितकं गरम तितकी ती कमी विरघळते. म्हणून सगळ्यात जाड थर बसतो तो सगळ्यात तापणाऱ्या भागावर, कॉइलवर. मग कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत लवकर पोचत नाही, कॉइल स्वतः जास्त तापते, थर्मोस्टॅटला खबर उशिरा लागते. एक कप आंबट उतरतो, पुढचा कडू. माणूस कॉफीच्या बियांना दोष देतो, दळण बदलून बघतो.

प्लग काढून, मशीन पूर्ण गार होऊ देऊन मी वरचं झाकण काढलं. बॉयलरचे चार बोल्ट ॲलन कीनं सुटले. पितळी बॉयलर दोन भागांत उघडला. कॉइल मूळची बोटाएवढी जाड नसावी, पण आता ती बोटाहून जाड दिसत होती. नखानं खरवडल्यावर अंड्याच्या कवचासारखी पापडी निघाली. तळाशी अशा पापड्यांचा ढीग होता आणि त्यातलीच एक बारकी कपची सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या तोंडाशी जाऊन अडकली होती. भोक ते किती, जेमतेम शिवणाची सुई जाईल एवढं. अख्खं मशीन त्या कपचीनं बंद पाडलं होतं.

बोल्ट सैल करायला मी बोअरच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराची मदत घेतली होती. जड पाण्यानं खाल्लेले पंप उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. थर बघून ते म्हणाले, "ताई, फरशीचं ॲसिड टाका, दोन मिनिटांत चकाचक." गीझरच्या कॉइलला इकडं सर्रास तेच करतात. मी नको म्हटलं आणि त्यांनाही कारण पटलं. फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते चुनखडी खातं, पण तेवढ्यावर थांबत नाही. क्रोमचा मुलामा आणि पितळही सोडत नाही. शिवाय याच नळ्यांतून आलेलं पाणी आपण पिणार आहोत. व्हिनेगरही मला पसंत नाही. त्याचा वास रबराच्या वायसरांत मुरतो आणि पुढं कितीतरी कपांत येत राहतो.

लागतं ते किराणा दुकानात मिळतं. ढोकळ्यात घालतात ते लिंबूफूल, सायट्रिक ॲसिड. लिटरभर कोमट पाण्यात 30 ग्रॅम विरघळवून मी कॉइल त्यात बुडवली. लगेच बारीक बुडबुड्यांची रांग सुटली आणि भांड्याशी कान नेला तर सोड्याच्या बाटलीसारखी कुजबुज ऐकू यायची. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं नाही. थर शिल्लक असताना बुडबुडे थांबले तर पाण्यातली आंबटाई संपली आहे, ते पाणी टाकून नवीन करायचं. आणखी एक गोष्ट, जी मशीनबरोबरच्या पुस्तिकेत नव्हती. हे पाणी उकळतं वापरायचं नाही. लिंबूफूल आणि चुनखडी मिळून कॅल्शियम सायट्रेट तयार होतं आणि तेही गरम पाण्यात कमी विरघळतं. फार तापवलं तर एक पांढरा थर जाऊन दुसरा पांढरा गाळ बसतो. पितळ तासन्‌तास आंबट पाण्यात ठेवणंही बरं नाही, त्यातलं जस्त विरघळून पृष्ठभाग तांबूस पडतो. वीस मिनिटं, बघायचं, धुवायचं, गरज असेल तर पुन्हा.

थर पातळ असेल तर मशीन उघडावं लागत नाही. तेच पाणी टाकीत भरायचं, थोडं कॉफीच्या तोंडातून आणि थोडं वाफेच्या नळीतून काढायचं, पंधरा-वीस मिनिटं आत मुरू द्यायचं, पुन्हा काढायचं. मग दोन-तीन टाक्या साधं पाणी फिरवायचं, जिभेला आंबट लागेनासं होईपर्यंत. पण माझं ठाम मत आहे की जाड थराच्या मशीनला हा उपाय करू नये. थर एकदम विरघळत नाही, आधी सुटतो. सुटलेल्या कपच्या पाण्याबरोबर वाहत जाऊन अरुंद भोकांत अडकतात आणि कसंबसं चालणारं मशीन सफाईनंतर ठप्प होतं. इकडच्या पाण्यावर वर्षभर चाललेलं मशीन हाती आलं तर आधी बॉयलर उघडावा.

हे सगळं ओट्यावर मांडलेलं असताना आई येऊन उभी राहिली. "काय करूलालीस गं?" मी तिला दोन ताटल्या दाखवल्या. एकीत बॉयलरची कॉइल, दुसरीत कॉफीच्या तोंडाशी असते ती जाळी. जाळीवर काळा चिकट थर होता, कॉफीच्या तेलाचा. लिंबूफूल त्याला काहीच करत नव्हतं. आईनं जाळीला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, हे तेलकट आहे, याला चिंच कशाला, याला राख. तिच्या माहेरी तेलाची भांडी राखेनं निघायची आणि तांब्या-पितळेची चिंचेनं. राख अल्कधर्मी, चिंच आम्ल. एस्प्रेसो मशीनच्या सफाईचं अख्खं शास्त्र यात आलं. क्षारांना आम्ल लागतं. तेलाला आणि दुधाच्या साक्याला अल्क लागतं. बाजारात कॉफी मशीनसाठी जी पावडर मिळते ती बहुतेक सोडियम परकार्बोनेटची असते, तिच्या कोमट पाण्यात जाळी भिजवली तर पाणी चहासारखं होतं आणि धातू उघडा पडतो. ज्या मशीनला दाब सोडणारा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह आहे, तिथं बिनभोकाची चकती लावून हीच पावडर उलटी आतपर्यंत फिरवता येते. तसा व्हॉल्व्ह नसेल तर हे करू नये. आणि आम्ल व अल्क एकाच वेळी कधीच टाकू नयेत, दोघं एकमेकांना मारतात आणि मळ जागच्या जागी राहतो.

रबराची गास्केट मात्र वाचली नाही. उष्णतेनं ती इतकी कडक झाली होती की टोच्यानं तुकडे करून काढावी लागली. नवी सिलिकॉनची, खाण्यापिण्याला चालणारी, कुरिअरनं मागवली. वाइंडिंगच्या दुकानात त्या मापाची रिंग मिळत होती, पण ती मोटारीची, गरम पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नव्हे.

मशीन सुरू झालं. खरं काम त्यानंतरचं, कारण त्याच पाण्यावर ते पुन्हा त्याच वाटेनं गेलं असतं.

पुस्तिकेत लिहिलेलं असतं की दोन-तीन महिन्यांनी क्षार काढा. लिहिणाऱ्याला आपलं पाणी माहीत नसतं. आमच्या घरात तीन तऱ्हांचं पाणी येतं. भीमेवरच्या उजनी धरणातून आणलेलं नळाचं पाणी, तेही काही दिवसांआड. अंगणातल्या बोअरचं. आणि उन्हाळ्यात टँकरचं. मी पाण्याचा जडपणा मोजायची थेंबांची बाटली आणली. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, रंग टाकला की ते लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब एकेक करून टाकायचे. ज्या थेंबाला पाणी निळं होतं तो शेवटचा. बोअरच्या पाण्याचा आकडा लिटरमागे साडेचारशे मिलिग्रॅमच्या घरात गेला. नळाच्या पाण्याला त्याच्या निम्म्याहून कमी थेंब लागले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा 200 पर्यंत चांगला मानतात आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे बोअरचं आमचं पाणी माणसाला चालतं, बॉयलरला नाही.

टीडीएसचं पेनासारखं मीटर हल्ली घरोघरी आहे, पण या कामाला ते एकटं पुरत नाही. ते सगळे विरघळलेले क्षार मिळून सांगतं, त्यातली चुनखडी किती ते सांगत नाही. बंगल्यांवर सॉफ्टनर बसवतात, त्यातली राळ कॅल्शियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. पाणी हलकं होतं, साबणाला फेस येतो, थर बसत नाही, पण मीटरचा आकडा जवळपास तोच राहतो.

मग वाटलं, विसाच्या जारचं आरओ पाणी थेट घालावं. तेही योग्य नाही. क्षार जवळजवळ नसलेलं पाणी धातूला हळूहळू खातं, काही मशीनांतल्या पाणी ओळखणाऱ्या सेन्सरला ते पाणीच वाटत नाही, आणि कॉफी सपक लागते. कॅल्शियम-मॅग्नेशियम थोडं असेल तर कॉफीची चव चांगली उतरते. म्हणून मी मिसळते. जारचे पाच भाग, बोअरचा एक. माझ्या थेंबांनी ते मिश्रण सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास येतं. नळाचं पाणी असेल तर त्याचं प्रमाण वाढवते. फ्रिजच्या दाराला तिन्ही पाण्यांची मापं लिहिलेला कागद आहे आणि टाकी भरणारा कुणीही असो, त्यावर बघूनच भरतो.

वाफेचं गणित वेगळं सांभाळावं लागतं. आमच्याकडं दुधाची कॉफी जास्त होते, आईला तर वर जायफळ किसलेलीच लागते. म्हशीचं घट्ट दूध वाफेनं सुरेख फुलतं. पण वाफ म्हणजे शुद्ध पाणी बाहेर जातं आणि क्षार सगळे आत राहतात. दिवसभर वाफ काढली की बॉयलरमधलं पाणी आटवलेल्या बासुंदीगत दाट होत जातं, दिसत नसलं तरी. म्हणून दूध तापवून झालं की मी पंप चालू करून बॉयलरमध्ये ताजं पाणी घेते आणि जुनं बाहेर काढते. वाफेची नळी तर दूध बाजूला केल्याक्षणी ओल्या फडक्यानं पुसायची आणि क्षणभर वाफ सोडायची. दूध नळीवर भाजलं की पुढं टाचणीनं भोक कोरत बसावं लागतं.

या जिल्ह्यात पाण्याचा विषय नुसता मशीनपुरता राहत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आमच्याकडंही टँकरमागे धावणं नवं नाही. मशीनची एक सफाई म्हणजे पाच-सहा लिटर पाणी. म्हणूनच मला वारंवार क्षार काढण्यापेक्षा ते बसूच न देणं महत्त्वाचं वाटतं. सफाईचं आंबट पाणी मी बाथरूमच्या नळांच्या तोंडांवर वापरते, तिथंही तोच थर असतो. नंतरचं धुण्याचं पाणी फरशी पुसायला जातं.

टँकर आला की मात्र कागदावरची मापं चालत नाहीत. एक खेप एका विहिरीची, दुसरी भलत्याच बोअरची, आणि उन्हाळ्यात पाणी जसं खोल जातं तसं ते जड होत जातं. तेव्हा टाकीत पाणी पडल्यावर आधी थेंब मोजायचे, मग प्रमाण ठरवायचं. मशीनचं एक काम अजून राहिलंय, सोलेनॉइड व्हॉल्व्हची रबरं जुनीच आहेत. नवरात्रात तुळजापूरला निघालेले पाहुणे आमच्याकडं उतरतात, तेव्हा मशीन सकाळपासून चालतं. त्याआधी ती बदलायची आहेत.