ओवाळणी

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर बहीण म्हणाली, "ताटात काही टाकू नकोस. त्यापेक्षा पोराला नोकरी धरायला सांग. मामाचं ऐकेल तो."

माझा हा भाचा संगणकाच्या आज्ञावली लिहितो. कंपनीतली नोकरी सोडून तीन वर्षे 'घरी बसला आहे.' हे शब्द बहिणीचे. परगावची गिऱ्हाइके त्याला कामे देतात. पगार नाही, काम उरकले की पैसे, तेही दहादा मागितल्यावर. शेजाऱ्यांचा प्रिंटर अडला की बोलावणे त्यालाच, आणि मजुरी एक कप चहा. 'मुलगा कुठे असतो?' या प्रश्नाला 'घरीच' असे उत्तर गेले की लग्नाची बोलणी तिथेच थांबतात.

उपदेश करायला नुसते कसे जायचे, म्हणून एक निमित्त घेऊन रात्री मी त्याच्या खोलीत शिरलो. छापायची राहून गेलेली माझी एक कादंबरी पंधरा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी जुन्या फाँटमध्ये टंकून घेतली होती. हस्तलिखित पुढे वाळवीने खाल्ले. उरली ती फाइल; आणि ती उघडावी तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची रास!

भाचा हसला. "मामा, ही इंग्रजी अक्षरं मराठीचा मुखवटा घालून बसली होती. फाँट गेला, मुखवटा गळला." मग त्याने समजावले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत देवनागरीच्या प्रत्येक मूळ अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'द'चा २३४२, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७. जुन्या खुणेच्या जागी नवा क्रमांक ठेवणारी आज्ञावली लिहिली की झाले.

झाले मात्र नाही. 'दिवा' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. जुन्या फाँटमध्येही तोच क्रम. युनिकोडला उच्चाराचा क्रम हवा. आधी 'द', मग वेलांटी. भाच्याने वेलांटीला एक अक्षर ओलांडायला लावले. 'दिवा' लागला, 'आश्विन' मोडला. दोन वाजले तरी तो मोडलेलाच. शेवटी तो मोठ्याने बोलू लागला, मला की स्वतःला कोण जाणे. "वेलांटी निघते, अर्धा 'श' ओलांडते, आणि तिथेच बसते..."

मी सवयीने वर्गातले वाक्य बोलून गेलो, "अरे, पाय मोडलेलं अक्षर एकटं धरू नये. वेलांटी सबंध जोडाक्षराची."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग बोटे चालू लागली. थोड्या वेळाने पडद्यावर माझ्या कादंबरीचे पहिले वाक्य उभे राहिले, सगळ्या वेलांट्या जागच्या जागी.

ते वाक्य मी अशाच एका रात्री लिहिले होते. आई तेव्हा विचारी, "याने पोट भरतं का?" मी गप्प बसे. उत्तर नसेच, एक शब्द बरोबर बसायचा राहिलेला असे, एवढेच. आणि माझ्या पाठीशी शाळेचा पगार तरी होता. या पोराच्या पाठीशी काय होते? मी घोकून नेलेला उपदेश ओठांवर आलाच नाही.

सकाळी मी त्याला मजुरी विचारली. त्याने आकडा सांगितला; मामा म्हणून एक रुपयाही कमी न करता. मला फार बरे वाटले.

बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सांगितलंस का त्याला?"

मी कोनाड्यातले ओवाळणीचे ताट उचलले आणि त्यात नोटा ठेवल्या.

"हे रे काय?"

"ओवाळणी," मी म्हणालो. "तू मागितलीस ती काही जमली नाही."