लहान अँटेनाची किंमत

मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेना डिझाइन करणाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : अजून किती लहान होईल? माझं उत्तर ठरलेलं आहे. हवा तेवढा होईल, पण मग तो अँटेना म्हणून कितपत उरेल? २.४५ गिगाहर्ट्झला हवेतली अर्धी तरंगलांबी ६१ मिलिमीटर भरते. एफआर-४ च्या बोर्डावर पॅचची लांबी २९ मिलिमीटरच्या आसपास येते. त्यात स्लॉट कापा, शॉर्टिंग पिन टाका, की तो आणखी आक्रसतो. व्हीलर आणि चू यांनी मात्र १९४७-४८ मध्येच दाखवून दिलं होतं, की तरंगलांबीच्या मानाने अँटेना लहान केला, की बँडविड्थ तरी जाते नाहीतर कार्यक्षमता.

तरीही रिपोर्टात ठळकपणे असतो तो रिटर्न लॉसचा आलेख. रेघ उणे दहा डेसिबलच्या खाली गेली, की काम फत्ते! हा आलेख एकटाच दिसला, की मला शंका येते. नेटवर्क अ‍ॅनालायझरला ५० ओहमचा चांगला डमी लोड जोडून पाहा : रेघ उणे तीसच्याही खाली, तीही सबंध पट्ट्यात. हवेत मात्र जवळपास काहीच जात नाही, सगळी शक्ती उष्णतेत जिरते. एफआर-४ चा लॉस टँजंट ०.०२ च्या घरातला. त्यावरचा आक्रसलेला पॅच थोडाफार त्या डमी लोडसारखाच वागतो आणि हाच तोटा आलेखावर वाढीव बँडविड्थ म्हणून मिरवतो.

यावर जीपीएसचा दाखला दिला जातो आणि तो रास्त आहे. १५७५.४२ मेगाहर्ट्झसाठी २५ मिलिमीटरचा सिरॅमिक पॅच सर्रास चालतो, कारण नागरी सिग्नलचा मुख्य भाग जेमतेम दोन मेगाहर्ट्झचा. मागणीच अरुंद, म्हणून सौदा परवडतो. घरातल्या राउटरचेही दोन डेसिबल गेले, तर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. छोट्या उपग्रहावर मात्र वीज मोजून-मापून मिळते. तिथे तीन डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती. शिवाय ऊन-सावलीच्या फेऱ्यांत सबस्ट्रेटचे गुणधर्म बदलतात आणि अरुंद पट्टा जागचा सरकतो. आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’ उपग्रहावर साधे मोनोपोल होते. त्याच्या ४३७ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबीच ३४ सेंटिमीटर. तिथे पॅचचा हट्ट कशाला?

तेव्हा प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, रिटर्न लॉसशेजारी मोजलेला गेन आणि कार्यक्षमताही छापा.